शमीम मिस्त्री आणि मंगरूचा डावा पाय

सावली गावात कुणाची जुनी जीप बिघडली की ती शमीम मिस्त्रीकडेच जायची, पण नेणारा जरा वैतागूनच न्यायचा. शमीमभाऊंना गाडीचं दुखणं सांगणं म्हणजे उलटतपासणीला उभं राहणं. कधीपासून होते, कुठी होते, चालवत कोण होतं, आधी कुणी हात लावला, लावला तर काऊन लावला, असं सगळं विचारून झालं की ते म्हणत, "बरं, आता तुमी सांगतलं ते बाजूले ठेवू." आणि पहिल्या नटापासून स्वतःच्या पद्धतीने सुरुवात करत. तेलाचा नवा डबा आला तरी झाकणाचं सील नखाने चाचपून बघत, एक थेंब दोन बोटांत चोळत, दुसरा कागदावर टाकत, आणि मगच इंजिनात ओतत. त्यांची बायको नाहीदभाभी मला एकदा म्हणाली होती, मी गॅस बंद केला असं सांगितलं तरी हे उठून बटण फिरवून येतात, पंचवीस वर्षं झाली, आता मी सांगतच नाही.

हा त्यांचा मूळचा स्वभाव नव्हता, हेही नाहीदभाभीनेच सांगितलं. शमीमभाऊ बावीस वर्षांचे असताना नागभीडला एका उस्तादाच्या हाताखाली काम करत. त्यांचे मोठे भाऊ रईस टेम्पो चालवायचे. एका सकाळी त्याच टेम्पोचं मागचं चाक बदललं गेलं. सोबतच्या कामगाराने सांगितलं, नट मी आवळले आहेत. शमीमभाऊंनी ते मानलं, पाना लावून पाहिला नाही. गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर चाक निसटलं आणि टेम्पो धानाच्या बांधीत उलटला. रईसभाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे त्यांनी हाताने फिरवायच्या मशीनवर शिवणकाम केलं, संसार केला, आणि धाकट्या भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं शमीमभाऊ नाहीदभाभीला म्हणत. त्यांचा दुसऱ्याच्या शब्दावरचा भरवसा त्या दिवशी गेला तो गेलाच.

मी करिष्मा. सावलीच्या नेत्रसेवा मंडळात डोळे तपासायचं काम करते. निवृत्त मुख्याध्यापक गुणवंतराव गुरुजींनी हे मंडळ उभं केलं. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर जायचं, म्हाताऱ्या माणसांचे डोळे बघायचे, मोतीबिंदू पिकला असेल त्यांची यादी करायची आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी त्यांना गडचिरोलीला ऑपरेशनला आणायचं, असं आमचं काम. त्यासाठी गुरुजींनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. चारही चाकांना जोर देणारी, लोखंडी, आवाज करणारी, पण डांबर संपलं तरी न अडणारी.

ती जीप मंगरू कोवे चालवायचा. तो तुमडीटोल्याचा, पस्तिशीतला, बारीक अंगाचा आणि कमी बोलणारा माणूस. चप्पल सीटखाली सारून अनवाणी पायाने गाडी चालवायचा. टोल्यावर पोचलो की खाली उतरून म्हाताऱ्यांशी गोंडीत बोलायचा. डोळ्यात सुई घालणार म्हणून घाबरलेली माणसं त्याच्या बोलण्याने जीपमध्ये बसायची. यादी माझी असली तरी माणसं त्याची होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तुमडीटोल्याच्या आधी कोहक्याचा चढ लागतो. दीड किलोमीटरची मुरमाची वाट, मधे दोन वळणं, पावसाने उघडे पडलेले दगड. त्या चढावर पहिल्यांदा जीपने दगा दिला. इंजिन ओरडत होतं, चाकं मात्र फिरत नव्हती. जळक्या रबरासारखा वास आला. मंगरूने गाडी थांबवली, अर्धा तास निवू दिली, माणसं उतरवली आणि रिकामी जीप कशीबशी वर नेली. येताना उतार होता म्हणून निभावलं.

शमीमभाऊंनी गिअरबॉक्स खाली उतरवला. इंजिनचा जोर चाकांकडे नेणारी क्लच प्लेट काळीठिक्कर पडली होती. तिच्यावरचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलं होतं. इंजिनचं तेल गळून प्लेटवर येत असेल तर असं होतं, म्हणून त्यांनी आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. प्लेट जुनीच होती, लिलावाच्या आधीपासूनची, त्यामुळे फार शंका घेण्यासारखं काही नव्हतं. नवी प्लेट बसवली, पायडलला वरच्या बाजूला एक इंच ढील, म्हणजे दाबताना मोकळा जाणारा भाग, ठेवली, पट्टीने मोजली आणि गाडी दिली.

सहा फेऱ्यांत नवी प्लेटही जळली. त्याच चढावर.

शमीमभाऊंचा पहिला शक प्लेटवर गेला. माल नकली असणार असं म्हणून ते स्वतः नागपूरला गेले, दोन दुकानांतून दोन प्लेटा आणल्या, वजन करून पाहिल्या, एकीच्या अस्तराला कानशीने घासून पाहिलं. दुसरा शक क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांवर. त्या त्यांनी एका रांगेत उभ्या करून मोजल्या, सगळ्या सारख्या निघाल्या. आणलेल्यांतली दुसरी प्लेट बसवून सगळं जोडल्यावर त्यांनी माझ्यासमोर परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, इंजिनला जोर देऊन क्लच सोडला. इंजिन एक गचका देऊन बंद पडलं. क्लच धरत होता. घसरत असता तर इंजिन चालूच राहिलं असतं.

मंगरू बाजूला उभा होता. त्याला काही सांगायचं होतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, सपाटीवर पायडलले ढील राह्यते. चढावर गाडी जोर धरते ना, तवा ते ढील राहत नाई."

शमीमभाऊंनी खिशातली लाकडी पट्टी काढली, पायडलजवळ धरली आणि त्याला दाखवली. एक इंच. मंगरूने पट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तो गेल्यावर शमीमभाऊ मला म्हणाले की गाडीत खोट नाही. गाडीत खोट नाही म्हणजे खोट पायात आहे. काही ड्रायव्हरांना चढावर डावा पाय पायडलवर टेकवून ठेवायची सवय असते. क्लच अर्धा दाबलेला राहतो, प्लेट घासत राहते आणि जळते. पायडलचं रबर एका कडेला झिजलेलं त्यांनी मला दाखवलं. ते रबर लिलावातून आलं तेव्हाच तसं होतं की नाही, हे मला आठवत नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग त्यांनी मला ते काम सांगितलं. "करिष्माबाई, पुढच्या फेरीले त्याच्या डाव्या पायावर लक्ष ठेवा. त्याले कळू देऊ नका."

मला ते आवडलं नाही, पण मी केलं. मागच्या सीटवर एका बाजूला सरकून बसले आणि दोन सीटांच्या फटीतून बघत राहिले. कोहक्याचा चढ लागला. मंगरूने दुसरा गिअर टाकला, वळणावर पहिला टाकला, पुन्हा दुसरा. पाय पायडलवर गेलेला मी पाहिला. तो दरवेळी लगेच उचलला की नाही, ते मला खात्रीने दिसलं नाही. गाडी उसळत होती, अंगावर एक म्हातारी रेलली होती. त्या दिवशी जीप वर चढली खरी, पण वास आलाच.

शमीमभाऊंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, पाय पायडलवर दिसला. मी तेवढंच बोलले. बाकीचं त्यांनी पूर्ण केलं, आणि मी पूर्ण होऊ दिलं.

शकाचं असं असतं की तो एका जागी थांबत नाही. शमीमभाऊंनी गुणवंतराव गुरुजींना एवढंच सांगितलं होतं की ड्रायव्हरच्या पायाने प्लेट जळते. गुरुजींच्या मनात प्रश्न आला की चार-पाच रोग्यांच्या वजनाने एवढी प्लेट कशी जळेल. मग आणखी कुणीतरी म्हणालं, मंगरू गाडी गावाला ठेवतो तेव्हा बांबू वाहत असेल. ते कुणी पाहिलं नव्हतं. पण जीपच्या मागच्या फळीवर ओरखडे होते, आणि ते आता सगळ्यांना बांबूचे दिसायला लागले. मंडळाच्या बैठकीत गुरुजींनी मंगरूला उभं करून विचारलं. त्याने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने जीपची चावी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. मी त्याच खोलीत रजिस्टर उघडून बसले होते.

त्याच्या जागी राजदीप आला. नागभीडकडचा, पूर्वी शाळेची गाडी चालवलेला, सांभाळून चालवणारा माणूस. शमीमभाऊंनी तिसरी नवी प्लेट बसवली, राजदीपला शेजारी बसवून सावलीच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि त्याच्या पायाकडे बघून समाधानाने उतरले. टोल्यांवर मात्र गोंधळ झाला. राजदीपला गोंडी येत नव्हती. यादीतली नऊ माणसं, त्यातली चारच गाडीत बसली. बाकीचे विचारत होते, मंगरू कुठी हाय?

त्या चौघांत रुखमाबाई होत्या. त्या तुमडीटोल्याच्या पलीकडच्या वस्तीवर राहायच्या. एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं. त्यांची वस्ती खाली ओढ्याकाठी, म्हणून परत येताना आम्हाला कोहक्याची टेकडी दुसऱ्या बाजूनेही अर्धी चढावी लागायची. राजदीपने पहिला गिअर टाकला. पहिलं वळण घेतलं. आणि इंजिन ओरडायला लागलं.

त्या वेळी मी पुढे बसले होते. सवयीने, किंवा लाजेने म्हणा, माझी नजर राजदीपच्या पायाकडे गेली. त्याचा डावा पाय पायडलपासून वीतभर दूर, पत्र्यावर सपाट टेकलेला होता. वास आला. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. राजदीपने हँडब्रेक ओढला, मी उतरून चाकामागे दगड लावला.

या वेळी निवल्यावरही ती चढली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर मिळेपर्यंत आम्ही खालच्या वस्तीवर अडकलो. गडचिरोलीचा दिवस गेला. रुखमाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की पुढच्या महिन्यात मले दिसलं तर येईन, नाई दिसलं तर कशी येऊ. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

ट्रॅक्टरने ओढत जीप सावलीला आणली तेव्हा गुणवंतराव गुरुजी गॅरेजमध्ये आधीच येऊन उभे होते. ते शमीमभाऊंना जे बोलले ते आवाज न चढवता बोलले. तीन नव्या प्लेटा जळल्या, ड्रायव्हर बदलला, आता तुमच्या हातावरच आम्ही शक घ्यायचा का? मी शमीमभाऊंना सांगितलं की राजदीपचा पाय खाली होता, मी पाहिला, आणि या वेळी मला खात्री आहे.

त्यांनी मला तीनदा विचारलं. पाय कुठे होता, टाच की पंजा, गाडी त्या क्षणी कोणत्या गिअरमध्ये होती. मग हात पुसले आणि म्हणाले, "गॅरेजमंदी हे जीप खोटं बोलून राह्यली. जिथं खरं बोलते तिथं जाऊ."

चौथी प्लेट बसवून ते आमच्यासोबत कोहक्याला आले. सकाळचे दहा वाजले असतील. मोह गळायला लागला होता, चढाच्या पायथ्याशी टोपल्या घेतलेल्या बाया फुलं वेचत होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. शमीमभाऊंनी ओढ्यातली वाळू पोत्यांत भरायला लावली आणि आठ पोती मागे टाकली. मग गिअरबॉक्सवरचा पत्रा उघडला. राजदीप स्टिअरिंगवर, मी मागे पोत्यांवर, आणि शमीमभाऊ पुढच्या सीटच्या जागी आडवे पडून, उजवा हात त्या भगदाडातून खाली इंजिनच्या बाजूला घातलेला. तिथे क्लचचा रॉड असतो. त्याचं एक टोक पायडलच्या बाजूने चासीला अडकलेलं, दुसरं इंजिनच्या बाजूला. पायडल दाबलं की रॉड ओढला जातो आणि क्लच सुटतो. पाय उचलला की रॉड सैल.

सपाटीवर त्यांनी रॉड दोन बोटांत धरून हलवून दाखवला. खुळखुळत होता. मग राजदीपला पहिला गिअर टाकून पाय पूर्ण उचलायला सांगितलं. चढ सुरू झाला, इंजिनने जोर धरला.

"थांब," शमीमभाऊ म्हणाले.

राजदीप थांबला. त्यांनी पुन्हा मागे घ्यायला लावलं, पुन्हा चढवलं. असं तीनदा केलं. सायलेन्सरच्या नळीचा त्यांच्या मनगटाला चटका बसला होता, ते त्यांना नंतर दिसलं. तिन्ही वेळा तेच झालं. सपाटीवर खुळखुळणारा रॉड चढावर पतंगाच्या मांज्यासारखा ताठ व्हायचा. पायडलवर कुणाचाच पाय नसताना क्लच आतून ओढला जात होता.

मग ते खाली उतरले, इंजिनच्या डाव्या बाजूला वाकले. इंजिन चासीवर ज्या दोन जाड रबरांवर टेकलेलं असतं त्यांना गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. डावं फाउंडेशन जागच्या जागी, नीट दिसत होतं. वर चिखल आणि तेलाचा सलग थर होता, त्यात फट कुठेच दिसत नव्हती. त्यांनी इंजिनखाली लाकडाची फळी लावून जॅक चढवला. दोन पेच फिरवले असतील, आणि ते रबर मधोमध उघडलं. आडवं फाटलेलं, जुनी फाट, आतून गुळगुळीत झालेली. इंजिनच्या वजनाने ते एरवी बंद राहायचं. चढावर जोर लागला की इंजिन डाव्या बाजूने उचललं जायचं, रबर उघडायचं, आणि इंजिनसोबत रॉड ओढला जायचा. गॅरेजात गाडी उभी असताना पट्टीला एक इंच ढील सापडणारच होती. हँडब्रेकच्या परीक्षेतही इंजिन एका गचक्यात बंद पडलं होतं, त्याला तसं उचलून धरणारा जोर तिथे मिळालाच नव्हता.

शमीमभाऊ जॅकशेजारीच खाली बसले. मला वाटलं ते रबराकडे बघत आहेत. ते म्हणाले, "मंगरूनं हेच सांगतलं होतं. ढील राहत नाई म्हून."

त्यांनी फाटीवरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"म्या प्लेटवर शक घेतला, स्प्रिंगवर घेतला, माणसावर घेतला," ते म्हणाले. "हे रबर जागेवर दिसलं, तर त्याच्यावर नाई घेतला."

सावलीला परतल्यावर त्यांनी काम केलं ते मी रोज संध्याकाळी जाऊन बघत होते. या जीपचं फाउंडेशन बाजारात मिळेना. चंद्रपूरला खाणीत कोळसा वाहून नेणारे रुंद रबरी पट्टे असतात, त्याचा एक जुना तुकडा त्यांनी मिळवला. त्याचे चौकोन कापले, मधे लोखंडी पत्रे घालून थरावर थर रचला, आणि फाटलं तरी सुटू नये म्हणून आरपार एक बोल्ट घातला. दोन्ही बाजू नव्या केल्या, उजवी धड असूनही. क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते, जळून निळं पडलेलं फ्लायव्हीलचं चाक मूल गावातल्या लेथवर घासून आणलं. पाचवी प्लेट बसवली. मग तीच आठ पोती टाकून जीप कोहक्याच्या चढावर चार वेळा वरखाली केली. रॉड चारही वेळा सैल राहिला. वास आला नाही.

पाचव्या खेपेला ते वर थांबलेच नाहीत. राजदीपला म्हणाले, सरळ तुमडीटोल्याला घे. पोती आधीच उतरवली होती, आणि त्या दिवशी माझ्यासोबत गुणवंतराव गुरुजींनाही त्यांनी मुद्दाम आणलं होतं.

मंगरू घरासमोर अंगणात मोहाची फुलं वाळायला पसरवत होता. शेजारी त्याच्या भावकीतली पाच-सहा माणसं बसली होती. त्याने आम्हाला पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. शमीमभाऊंनी फाटलेलं रबर पिशवीतून काढून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. पायाची गोष्ट, पट्टीची गोष्ट, आणि त्यांनीच ती गुरुजींच्या कानावर घातली हेही. बसलेल्यांपैकी एकाने ते गोंडीत इतरांना सांगितलं.

मंगरूने रबर उचललं, फाटीत अंगठा घालून उघडलं, मिटलं. म्हणाला, "म्या तुमाले सांगतलं होतं. तुमी मले पट्टी दाखवली."

"हो," शमीमभाऊ म्हणाले.

"आता काऊन आले?"

"तुझं नाव जिथं खराब झालं, तिथल्या माणसाले घेऊन आलो. तुझ्या माणसांसमोर सांगाले."

गुरुजींना बोलणं जड गेलं. इतकी वर्षं शाळेत बोललेला माणूस, पण बांबूबद्दल आमची चूक झाली एवढं वाक्य त्यांनी मोहाच्या फुलांकडे बघत म्हटलं. मग मी माझं सांगितलं. पाय पायडलवर दिसला असं मी म्हणाले, पण तो गिअर बदलण्यापुरता होता की टेकवलेला होता ते मला दिसलं नव्हतं, आणि मी तसं सांगायला हवं होतं.

मंगरू माझ्याकडे वळला. "तुमी मागून पाहून राह्यल्या होत्या ते मले तवाच समजलं होतं, बाई. म्हून म्या त्या दिवशी पाय जास्तच सांभाळला."

मला वाटलं होतं तो रागवेल, किंवा बरं झालं म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. गुरुजींनी परत ये म्हटलं तेव्हा त्याने सरळ नाही म्हटलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ज्या गाडीत पायावर डोळा ठेवला जातो त्या गाडीत बसलं की पाय आपोआप चुकतो. त्याला आता ग्रामसभेच्या ट्रॅक्टरवर काम मिळालं होतं. पाणी मात्र सगळ्यांना दिलं, शमीमभाऊंनाही, स्टीलच्या तांब्यातून. शमीमभाऊंनी ते न बघता प्यायलं.

रुखमाबाईंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. त्या दिवशी जीप राजदीप चालवत होता. मंगरू मागे रोग्यांत बसला होता, रुखमाबाईंचा हात धरून, कारण त्या त्याच्याशिवाय यायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. रुखमाबाईंनी पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, तू तर पोरगी दिसतेस, आवाजावरून म्हातारी वाटली होतीस. त्यानंतर मंगरू आणखी तीन-चार फेऱ्या आमच्यासोबत आला, बोलायला. जेवढे रोगी त्याने समजावले तेवढे आम्हाला अजूनही समजावता येत नाहीत.

शमीमभाऊ बदलले असं मला म्हणता येणार नाही. तेलाचा डबा ते अजून नखाने चाचपतात. पण आता गाडी आणणारा बोलायला लागला की ते हातातला पाना खाली ठेवतात आणि त्याला पूर्ण बोलू देतात. ‘बाजूले ठेवू’ हे शब्द गेल्या काही वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. एकदा एका बोलक्या माणसाने त्यांचा पाऊण तास घेतला. नाहीदभाभी आतून चहा घेऊन आली, निवलेला परत घेऊन गेली.

मागच्या हिवाळ्यात ग्रामसभेच्या ट्रॅक्टरचा क्लच जड झाला म्हणून मंगरू तो घेऊन सावलीला आला. एवढ्या लांब कशाला आणला असं गॅरेजातल्या एकाने विचारलं, तर तो म्हणाला, जवळ मिस्त्री नाई. हे खरं नव्हतं. दिवसभर तो शमीमभाऊंच्या मागे उभा राहिला. चहाला बोलावलं तरी गेला नाही. नवी बेअरिंग खोक्यातून काढली ती आधी त्याने हातात घेऊन फिरवली, कानाजवळ नेली, मग दिली. प्रत्येक नट आवळला की पाना मागून घ्यायचा आणि स्वतः एकदा लावून बघायचा.

मी तेव्हा नाहीदभाभीला डोळ्यांची औषधं द्यायला गेले होते. शमीमभाऊ ट्रॅक्टरखाली आडवे पडलेले, एक हात बाहेर काढून पाना मंगरूच्या हातात देत होते आणि तो परत मिळेपर्यंत तसेच वाट बघत होते.